कोरम

मंडईच्या रात्री माझं काम एवढंच,
पेट्रोमॅक्स डोक्यावर धरून उभं राहायचं
आणि हलायचं नाही.
उजेडाला पाय नसतात, असं शाहीर म्हणायचे.

समोर मनिराम कापगते, गमत्या.
दिवसा राईसमिलवर कोंडा भरणारा,
रात्री मुंडाशात कांद्याची पात खोचून तहसीलदार.
कागद त्याच्या हाती कधी नव्हता.
गावात शिरताना टपरीवर विचारून घ्यायचा
कोणाची म्हैस कोणाच्या बांधीत शिरली,
कोणता जावई वरातीत रुसला,
आणि तेवढ्यावर रात्र काढायचा.

त्या रात्री अचानक माझ्याकडे वळला.
"काहो पोस्टमास्तर, डोक्शावर काय आनलं?"
खरं बोलायची सवय होती घरची.
"मी पोस्टमास्तर नाही. मी बत्ती धरतो."

चोनकं थांबलं. ढोलकी थांबली.
पाच-सहाशे माणसं आणि एक खोकला नाही.
एक किडा काचेवर आपटत राहिला,
तेवढाच काय तो माझ्या बाजूने.

मग मनिराम गावाकडे वळून म्हणाला,
"आमच्या पोस्टमास्तरले तो पोस्टमास्तर हाये
हे बी टपालानंच कळवा लागते जी!"
हसण्याच्या वाऱ्याने माझी बत्ती फडफडली.

पहाटे गाडीत, धुक्यात, बैलांच्या शेपट्यांकडे बघत तो बोलला,
"कोनी गडवा देल्ला त गडवा धर.
रिकामा असन त पानी भर.
हा गडवा नोहे, असं सांगून कोनाची तहान गेली बाप्पा?"

पुढच्या वर्षी बत्ती दुसऱ्याच्या डोक्यावर गेली.
अड्याळकडच्या एका मंडईत मी पाऊण तास बडबडलो.
कोणी एक बोरसुद्धा फेकलं नाही,
इतका मी कोणाला दिसलोच नाही.
कितीतरी रात्री अशा.
मग एकदा पुढच्या रांगेत एक म्हातारी शेंगा फोडत होती.
मी बोललो की फोडायची,
थांबलो की थांबायची.
"माय," मी म्हटलं, "आधी तुह्यं होऊ दे."
आणि मांडी घालून तिच्या समोर बसलो.
तिने एक शेंग मला दिली.
मी ती खाल्ली, बस्स.
गाव लोळत होतं.

आता सोमवारी, बाजार उठल्यावर,
समाजमंदिरात सात पोरं आणि एक होमगार्ड येतात.
मी पाठ देत नाही.
रिकाम्या सुपाने, म्हणजे सूपही नाही,
नुसत्या हातांनी धान पाखडायला लावतो.
जो मध्येच डोळा चोळतो
त्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणतो.
जो चोळत नाही त्यालाही.

आचल हटवार सहा महिने काहीच बोलली नाही.
डोळा मात्र लाल होईस्तोवर चोळायची.

यंदाच्या मंडईत ती ग्रामसेवक होती.
सरपंच व्हायचा तो पोरगा मोबाईल घेऊन
जांभळीमागे कुठे तरी गेलेला.
स्टेजवर आचल, एक खुर्ची, एक कागद.
आणि कोणाची तरी बकरी पायऱ्या चढून वर आली.

मी पडद्याआड. माझ्या तोंडात वाक्य तयार.
एक पाय उचललेला.
आचलने हात जोडले.
"या सरपंचबाई, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.
कोरम झाला. घ्या, ठराव वाचा."
बकरीने ठराव वाचायला घेतला,
कोपऱ्यापासून.
आचल शेवटचा तुकडा जाईपर्यंत थांबली.
घाई केली नाही, मुद्दाम सांगतो.
मग वहीत लिहीत म्हणाली,
"ठराव सर्वानुमते पचला."

माझं वाक्य मी गिळलं.
ते इतकं चांगलं नव्हतंच.
खुर्चीवर मनिराम, दोन्ही कानांनी बहिरा,
स्टेजकडे पाठ करून बसलेला,
लोकांचे दात मोजत.

खेळ सुटल्यावर बकरीचा धनी मागे आला.
मानधनाचं काय म्हणाला.
मी हसत दहाची नोट पुढे केली.
त्याने नोट पाहिली, बकरी पाहिली.
"गाभन हाये जी. दोघाइचे द्या."

मी दुसऱ्या खिशात हात घातला.
याला सोमवारी बोलवावं का?